ध्वजाचे दुसरे टोक

बेल पुन्हा वाजली. वाजू दे. दाराबाहेर माझी धाकटी जाऊ विनीता उभी आहे. तिच्या नवऱ्याने, म्हणजे माझे दीर श्रीरंग यांनी, माझ्याकडून एक वस्तू आणायला तिला पाठवले आहे. ती वस्तू या कागदाच्या चौथ्या कलमात येते. मी अजून पहिल्यावरही पोचलेले नाही. तिला थांबावे लागेल.

मी, गिरिजा यशोधन शितोळे, वय त्र्याहत्तर, राहणार ट्रॉय, मिशिगन, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे काय व्हावे हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते ठिकाणावर नव्हते असे पुढे कुणी म्हणालेच, तर म्हणणारे माझे दीर असतील, हे आधीच नोंदवते. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. दडपण दाराबाहेर आहे आणि दार बंद आहे.

मंगळवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, रुटीन आहे. माझा मुलगा ओजस इराकमध्ये मारला गेला तेव्हा घरी आलेल्या अधिकाऱ्याने हाच शब्द वापरला होता. रुटीन गस्त होती. तेव्हापासून त्या शब्दावर माझा विश्वास नाही. म्हणून आजच लिहिते.

वकिलाने इंग्रजीत एक मसुदा करून दिला होता. मसुदा नीट आहे, पण त्यात माणसे नाहीत. मी हाच कागद खरा मानते. वरच्या खोलीत राहणारी विद्यार्थिनी नैना याचे भाषांतर करून देणार आहे. ते सोबत जोडावे.

कलम १. ट्रॉयचे हे घर, आवारासह, मी माझी पुतणी अनन्या हिला देते. ती श्रीरंग आणि विनीता यांची मुलगी. शॉमबर्गला फिजिओथेरपी करते. ओजसच्या वाढदिवसाला त्या कुटुंबातून तिचा एकटीचाच फोन येतो. यंदा म्हणाली, "काकू, टुडे ही वुड बी फॉर्टी-थ्री. केस गेले असते ना त्याचे?" मी म्हटले, तुझ्या काकांसारखे गेले असते. आम्ही दोघी हसलो. घर या फोनसाठी आहे.

तिच्या आईवडिलांनी या घरात यावे, चहा घ्यावा आणि जावे. मुक्काम करू नये.

कलम २. बँकेतील रक्कम डेट्रॉइटमधील, सैन्यातून परतलेल्या आणि छप्पर नसलेल्या माणसांच्या निवाऱ्याला द्यावी. ओजसच्या तुकडीतला मार्कस परत आल्यावर एक हिवाळा गाडीत झोपला होता. मला उशिरा कळले. श्रीरंगला त्याआधी कळले होते. मार्कस त्याच्या दाराशी ओजसचे घर विचारत गेला होता, आणि श्रीरंगने त्याला सांगितले की ते लोक इथून गेले. आम्ही चार गल्ल्या पलीकडे होतो.

बेल थांबली. आता फोन. श्रीरंगचा आहे. मी घेतला नाही. त्याने निरोप ठेवला, तो ऐकला: "वहिनी, विनीता उन्हात उभी आहे. निदान दार तरी उघडा. उद्या दहाला कार्यक्रम आहे, हॉल सजवायचाय. असं काय करता?"

मे महिन्यातले मिशिगनचे ऊन आहे. कुणी मरत नाही त्याने.

कलम ३. किरकोळ वस्तू.

यशोधनची गॅरेजमधली हत्यारे पुतण्या कुश याला द्यावीत. यशोधनने तीस वर्षे गाड्यांच्या इंजिनांवर काम केले. कुशला टायरमध्ये हवा भरता येत नाही. पान्यांचा संच त्याने भिंतीवर लावला तरी चालेल.

माझे पुरणयंत्र इथल्या मराठी मंडळाला देऊ नये. मंडळाच्या सणांना पुरण वाटून माझा उजवा खांदा गेला. मंडळाकडे माझे एक मोठे पातेले आहे. ते परत मागावे.

बर्फ काढायचे फावडे माझे दीर श्रीरंग यांना. यशोधन गेल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात मी अंगणातला बर्फ काढत होते. श्रीरंगने गाडीची काच खाली केली आणि म्हणाला, "मुलगा असता तर ही वेळ आली नसती, वहिनी." काच वर केली आणि गेला. फावड्याचा दांडा नवा आहे.

कलम ४. माझ्या मुलाच्या शवपेटीवर अंथरलेला अमेरिकेचा ध्वज.

हे कलम लांब आहे. त्याशिवाय ते समजणार नाही.

ओजस इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी कॉलेज सोडून सैन्यात भरती झाला. यशोधन त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत. मीही भांडले. पण आम्ही लपवले नाही. लपवले ते श्रीरंगने. मंडळात कुणी विचारले, की तो सांगायचा, "ओजस गव्हर्नमेंटसाठी काम करतो. ओव्हरसीज असाइनमेंट आहे." विनीता मला स्वयंपाकघरात हळूच म्हणाली होती, "वहिनी, लोक विचारतात, इतका हुशार बाप आणि मुलगा शिपाई कसा? कुशच्या लग्नाचं बघायचंय आम्हाला."

ज्या घरात ती सून होऊन आली, त्या घराच्या भिंतीवर सासऱ्यांचा लष्करी गणवेशातला फोटो होता. त्याला ती रोज नमस्कार करायची. सासऱ्याने युद्ध केले तर शौर्य. पुतण्याने केले तर स्थळ मोडते.

दोन हजार सहा साली ओजस गेला. अंत्यविधीला सैनिकांनी पेटीवरचा ध्वज उचलला, त्याची घडी घातली आणि एका अधिकाऱ्याने गुडघा टेकून ती माझ्या हातात दिली. घडी त्रिकोणी होती. वर फक्त निळा रंग आणि तारे. तो जे बोलला ते पाठ केलेले होते. मी त्याच्या बुटांकडे पाहत होते. बूट फार चकचकीत होते. ओजसला बूट पुसायचा कंटाळा होता.

मंडळाच्या वार्तापत्रात श्रीरंगने दोन ओळी दिल्या. ओजस यशोधन शितोळे यांचे अपघाती निधन. कुटुंबीय खासगीपण राखू इच्छितात. लोक समजले की गाडीचा अपघात. अजूनही तसेच समजतात. दुकानात एक बाई मला म्हणाली, "हायवेवर मुलं कशी चालवतात ना." मी भेंडी घेत होते. भेंडी घेतली.

सुतकाचे तेरा दिवस विनीता आमच्या घरी राहिली. स्वयंपाक तिने केला, आल्यागेल्याचे तिने पाहिले. हे तिचे ऋण आहे आणि ते मी नाकारत नाही. तेराव्याला तिने घर धुतले. पडदे, चादरी, उशांचे अभ्रे, सगळे मशीनला लावले. दिवाणखान्यातल्या कपाटावर ध्वज होता. तोही लावला. वाळवला. इस्त्री केली. चादरीची घालतात तशी चौकोनी घडी घातली आणि चादरींमध्ये ठेवून दिली.

मी विचारले, "इथली घडी कुठाय?"

ती म्हणाली, "मढ्यावरचं कापड आहे ते, वहिनी. घरात तसंच ठेवत नाहीत. धुतलंय मी. आता काही दोष नाही."

तिला वाईट करायचे नव्हते. हे मला तेव्हाही कळत होते. ती आमची रीत होती. दुसऱ्या कुणाच्या घरात असे झाले नसते. आमच्याच घरात होऊ शकत होते. पण त्या घडीला ज्यांचे हात लागले होते ते ओजसच्या पेटीजवळ उभे होते. ती घडी मला दिली होती, आणि ती तेरा दिवसांत चादर झाली.

एवढा मोठा ध्वज एकट्या माणसाला त्रिकोणात घडी करता येत नाही. एकाने ताऱ्यांची बाजू ताणून धरायची, दुसऱ्याने पट्ट्यांच्या बाजूने घडी घालत यायचे. यशोधनने एकदा दुसरे टोक धरले. थोडा वेळ धरले. मग म्हणाले, "नाही होत, गिरिजा," आणि ते टोक खुर्चीवर ठेवून गॅरेजमध्ये गेले. ते गेल्यावर मी एक टोक कपाटाच्या खणात अडकवून पाहिले. खणच बाहेर आला.

शेजारचे डॅरिल व्हिएतनामला होते. त्यांना हे सगळे येते. ते अनेकदा म्हणाले, "गिरिजा, आय विल होल्ड दि अदर एंड." मी नको म्हटले. अनन्याला सांगितले तर ती रात्रीची गाडी चालवत शॉमबर्गहून येईल. म्हणूनच तिला सांगितलेले नाही. जिने घडी मोडली नाही तिने ती घालायची नाही.

आता श्रीरंग मंडळाचा अध्यक्ष आहे. उद्या मेमोरियल डे, युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा दिवस. या देशाला यंदा अडीचशे वर्षे होतात म्हणून कार्यक्रम मोठा आहे. शहराचे पाहुणे येणार आहेत. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला.

"वहिनी, स्टेजच्या मागे ओजसचा फ्लॅग लावू. पूर्ण उघडून. फोटोत मस्त येईल."

"वीस वर्षं कुठं होतं तुमचं स्टेज, भाऊजी?"

"तेव्हाची गोष्ट वेगळी. आता दिवस बदललेत. मागे पार्किंगमध्ये एक जण माझ्या तोंडावर ओरडला, गो बॅक. चाळीस वर्षं टॅक्स भरतोय मी! आपण दाखवायला पाहिजे की आपणसुद्धा दिलंय."

"आपण?"

"फॅमिली म्हणून म्हणतो."

"फॅमिलीनं 'अपघाती निधन' दिलं. दोन ओळी."

तो म्हणाला, "तुम्ही अजून तिथेच आहात."

हो. मी तिथेच आहे. मला दुसरीकडे कुठे जायचे नव्हते.

त्याने फलकाचे चित्र पाठवले. शितोळे कुटुंब: सेवेच्या तीन पिढ्या. डावीकडे सासरे, गणवेशात. उजवीकडे ओजस, गणवेशात. मध्ये श्रीरंग, ब्लेझरमध्ये, हातात माइक.

त्याला पार्किंगमध्ये कुणी ओरडले याचे मला वाईट वाटले. खरेच वाटले. पण माझ्या मुलाला त्याचे ओळखपत्र होऊ देणार नाही.

म्हणून या ध्वजाविषयी असे ठरवते: तो कोणत्याही मंडळाच्या, कार्यक्रमाच्या किंवा फलकाच्या मागे, पुढे किंवा वर लावू नये. माझ्या मृत्यूपूर्वी श्रीरंग किंवा विनीता यांपैकी कुणी स्वतः येऊन, फोटो न काढता, त्याचे दुसरे टोक धरले आणि घडी पुन्हा त्रिकोणी झाली, तर ती घडी अनन्याला द्यावी. तसे झाले नाही, तर तो आहे तसाच, चौकोनी, माझ्याबरोबर जाळावा.

मी त्यांना हे करायला सांगणार नाही. वीस वर्षांत सांगितले नाही.

नैना खाली आली होती. खिडकीतून पाहून म्हणाली, "मावशी, त्या अजून बाहेरच आहेत यार. पायरीवर बसल्यात. पाणी देऊ का त्यांना?"

मी म्हटले, पाणी दे. पण पुढचे दार नको, गॅरेजचे उघड.

कलम ५. सासऱ्यांची पदके.

माझे सासरे जगन्नाथ शितोळे दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. लग्नानंतर व्हिसा येईपर्यंत मी साताऱ्याला त्यांच्या घरी राहिले. संध्याकाळी ते मला शेंगा सोलायला मदत करायचे आणि तेवढा वेळ बोलायचे. मुलांशी ते त्याविषयी कधी बोलले नाहीत.

श्रीरंग दरवर्षी सांगतो की त्यांनी एक डोंगर जिंकला. त्यांनी डोंगर जिंकला नाही. ते खेचरांवर दारूगोळा लादून तो डोंगर चढायचे आणि जखमी माणसे लादून उतरायचे. मला म्हणाले होते, "सूनबाई, पोरं विचारतात, किती मारले? एकबी नाही. माझं खेचर मेलं तेव्हा मी रडलो. ते कोण विचारत नाही." त्यांनी दोन्ही मुलांना शिकवले ते त्यांना तिकडे जावे लागू नये म्हणून. ओजस जन्मला तेव्हा त्यांनी तार केली होती. तारेत एकच शब्द होता. इंजिनिअर.

पदके थोरला म्हणून यशोधनकडे आली. श्रीरंग ती कार्यक्रमासाठी एक दिवस म्हणून घेऊन गेला. तो दिवस अजून संपलेला नाही. दरवर्षी तो ती छातीच्या डाव्या बाजूला लावतो. सासऱ्यांच्या गावात एका मित्राची विधवा नवऱ्याची पदके लावून झेंडावंदनाला यायची. ती उजव्या बाजूला लावायची. सासऱ्यांनी मला तिच्यावरूनच सांगितले होते: ज्याने मिळवली तो डावीकडे लावतो, त्याच्या घरचे उजवीकडे. श्रीरंगला मी हे एकदा सांगितले. तो म्हणाला, "डावीकडे हार्ट असतं वहिनी, लोकांना बरं वाटतं."

ही पदके माझ्या ताब्यात नाहीत, तरी माझी आहेत. ती मी अनन्याला देते. श्रीरंगने ती तिला उजव्या हाताने द्यावीत आणि भाषण करू नये.

कलम ६. माझ्यामागे मंडळात शोकसभा घेऊ नये. वार्तापत्रात दोन ओळी द्यायच्या असतील तर त्यात असे लिहावे: गिरिजा शितोळे, इराकच्या युद्धात मारला गेलेला सैनिक ओजस शितोळे याची आई, वारली. शब्द बदलू नयेत. 'अपघाती' हा शब्द कुठेही वापरू नये.

कलम ७. माझे दहन इथेच करावे. अर्धी राख माहुलीला, कृष्णेच्या संगमात, जिथे यशोधनने ओजसची अर्धी सोडली. अर्धी इथल्या होली गावातल्या लष्करी स्मशानभूमीत ओजसजवळ ठेवता येत असेल तर ठेवावी, नसेल तर घरामागच्या मेपलच्या मुळाशी. तेरावे करू नये. कोणतेही कापड धुऊ नये.

या सगळ्याची अंमलबजावणी अनन्याने करावी.

साक्षीदारांसमोर सही करण्यासाठी पुढचे दार उघडावे लागले. डॅरिल काठी टेकत आले. विनीता पायरीवरच होती. ती उठली. मी जाळीचे दार लावूनच घेतले आणि तिला म्हटले, "आत घेत नाही. पण एक वाचून दाखवते." आणि चौथे कलम पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचले. चादरीचा भाग आला तेव्हा तिने पदर नसताना खांद्याशी हात नेला. वाचून झाल्यावर म्हणाली, "मी ते टाकूनसुद्धा दिलं असतं, वहिनी. माझ्याच्यानं टाकवलं नाही." मग गाडीत बसून गेली.

मी तिच्याकडे काही मागितलेले नाही. वाचून दाखवले आहे.

वरील मजकूर माझा आहे. तो मी कुणाच्या सांगण्यावरून लिहिलेला नाही आणि कुणाच्या सांगण्यावरून बदलणार नाही.

सही: गिरिजा यशोधन शितोळे

यांनी आमच्या देखत सही केली आणि त्या वेळी त्या आमच्यापेक्षा जास्त शांत होत्या:

साक्षीदार १: डॅरिल हॅगर्टी, शेजारी
साक्षीदार २: नैना वासुदेव ढोमणे, विद्यार्थिनी, मूळ राहणार नागपूर

स्थळ: ट्रॉय, मिशिगन
दिनांक: २४ मे २०२६

दुसऱ्या दिवशी सकाळची नोंद:

कार्यक्रमाच्या वेळेला विनीता एकटी आली. फोन गाडीत ठेवून आली. मी दार उघडले. ध्वज चादरींमधून काढला. डॅरिल दाराच्या चौकटीला टेकून कसे करायचे ते सांगत होते. ताऱ्यांची बाजू माझ्या हातात होती, पट्ट्यांची तिच्या. पहिली घडी वाकडी आली. ती उलगडली. दुसऱ्यांदा माझा हात सैल पडला तेव्हा ती खेकसली, "ताणून धरा ना, वहिनी. ओजसचं आहे." तो गेल्यानंतर त्याचे नाव तिने माझ्यासमोर पहिल्यांदा घेतले. मी ताणून धरले. प्रत्येक घडीला ती एकेक पाऊल पुढे आली, आणि शेवटी तिचे हात माझ्या हातांना लागले. वर फक्त निळा रंग आणि तारे राहिले.

त्यानंतर तिने चहा घेतला आणि ती गेली. कोणतेही कलम बदललेले नाही.

गि. य. शि.
२५ मे २०२६